नळी लांब, म्हणून गोळी जोरात?

आमच्या खानापूर तालुक्यात बंदुकीच्या नळीची लांबी मिशीसारखी मिरवली जाते. जांबोटी-कणकुंबीकडं रानडुकरं आणि गवे भातात, उसात उतरतात, म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोअर, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, कुणाकुणाच्या घरी असते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. डुकरांना तेवढी आचारसंहिता लागू होत नाही. अशा बंदुका असलेली चार माणसं एकत्र बसली की कुणाच्या नळीला किती इंच, हा विषय निघतोच.

माझ्या बायकोचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून शिरले, एसएलआर रायफलीवर शिकले, काश्मीरात एके रायफल घेऊन फिरले, आणि नोकरी संपता संपता हातात इन्सास रायफल आली. त्यांचं शास्त्र एका ओळीचं. ‘‘जावई, एसएलआर लांब, ती जोरात मारायची. एके आखूड, ती कमी. ह्यात मोजायचं काय हाय?’’

मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर करतो. नळ्यांना आतून बोअर मारणं आणि होनिंग करणं, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं, ह्यातच माझं आयुष्य गेलं. त्यामुळं नळीबद्दल कुणी इतकं ठामपणे बोललं की माझा हात आपोआप वर्नियरकडं जातो. मामांशी वाद घालायची सोय नाही, पण मोजायला काय हरकत आहे, असं मनात होतं.

संधी पुतण्यामुळं आली. तो नेमबाजी शिकतो. २०२४ च्या ऑगस्टात पॅरिसला स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलीत ब्राँझ घेतलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे आमच्याकडून सीमा ओलांडली की लागणाऱ्याच जिल्ह्यातला. त्याच कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलाची. आणि गंमत अशी की त्या रायफलीत आणि ह्या पिस्तुलात घालायचं काडतूस एकच : .२२ लाँग रायफल. साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, मागं पितळेची बारीक पुंगळी, आत चिमटीत मावेल त्याहून कमी दारू. काडतूस तेच आणि नळ्या वेगवेगळ्या, म्हणजे मामांच्या शास्त्राची परीक्षा घ्यायला आयतीच मांडणी.

खरं तर ह्याची सरळ रीत वेगळी आहे. एकच बंदूक घ्यायची, वेग मोजायचा, नळी एक इंच कापायची, परत मोजायचं, परत कापायची. परदेशात हौशी लोकांनी असं केलंय. आपल्याकडं हे करायला गेलात तर मोजायला तुरुंगाचे गज मिळतील. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ नुसार वेगळा परवाना असल्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. लेथवर रोज पाइप कापणाऱ्या माझ्यासारख्यानं हे कलम ध्यानात ठेवलेलं बरं. म्हणून कापाकापी न करता, आहेत त्या हत्यारांत तुलना करायची ठरली.

पुतण्याच्या नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरींनी गर्दी नसलेल्या दिवशी सकाळी या म्हणून सांगितलं. अट एकच : गोळी झाडणार ती नोंदणी असलेली मुलंच, आणि प्रत्येक काडतूस रजिस्टरात चढणार. मला ते चाललं. मला झाडायचं नव्हतंच, आकडे हवे होते.

हत्यारं चार जमली. पहिलं २५ मीटरचं स्पोर्ट पिस्तूल. ह्याच्या नळीला नियमानं १५३ मिलिमीटरची कमाल मर्यादा आहे, ह्या पिस्तुलाची १२ सेंटिमीटर होती. दुसरं ५० मीटरचं फ्री पिस्तूल, ज्याच्या नळीला लांबीचं बंधन नाही, ती २८ सेंटिमीटरच्या आसपास. तिसरी नवशिक्यांना देतात ती जुनी रायफल, ४६ सेंटिमीटर. चौथी पुतण्याला कधीमधी हात लावायला मिळणारी मॅच रायफल, जड, जाडजूड नळीची, तब्बल ६९ सेंटिमीटर. वेगाचा अंदाज विचारला तर हजर असलेल्या सगळ्यांनी ह्याच क्रमानं नंबर लावले. मीही लावले.

गोळीचा वेग मोजायचं यंत्र म्हणजे क्रोनोग्राफ. ते कोल्हापूरच्या एका मित्रानं दिलं. दिसायला अगदीच साधं : एक पट्टी, तिच्यावर पुढं-मागं दोन डोळे, वर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन छत्र्या. गोळीची सावली पहिल्या डोळ्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. दोन डोळ्यांतलं अंतर एक फूट, म्हणजे ३०५ मिलिमीटर. सेकंदाला ३२५ मीटरनं जाणारी गोळी हे अंतर मिलिसेकंदाच्या आत कापते. मी आधी वर्नियर लावून ते अंतर तपासलं, कारण तिथं एक मिलिमीटरची चूक म्हणजे उत्तरात सेकंदाला एक मीटरची चूक. पुतण्या हसला, ‘‘काका, हितं पण जॉब तपासूलालाय काय!’’

यंत्र मांडण्यातच सकाळ गेली. नळीच्या तोंडाजवळ ठेवलं तर गोळीच्या आधी फुटणारा वायूचा झोत डोळ्यांना फसवतो, म्हणून ते तीनेक मीटर पुढं हवं. शेडमध्ये ट्यूबलाइट होत्या. त्या विजेच्या लयीवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्याला ते दिसत नाही, यंत्राला दिसतं. पहिले आकडे आले ते असे की एक गोळी विमानाच्या वेगानं गेली आणि दुसरी सायकलच्या. ट्यूब बंद केल्या, यंत्र शेडच्या कडेला, उजेड सगळीकडून सारखा येईल असं ठेवलं, तेव्हा आकडे माणसात आले. मग गोळीची वाट पट्टीला समांतर आहे का, हे दोरा ताणून बघितलं. मी दोरा धरून वाकलो होतो तेवढ्यात रेंज ऑफिसर कानडीत ओरडले, ‘‘हिंद सरीरी!’’ म्हणजे मागं सरा. हत्यारं रिकामी होती, बोल्ट उघडे होते, तरी ओरडले. बरोबरच आहे त्यांचं. नळीच्या पुढं माणूस म्हणजे ओरडायचंच.

आणखी एक पथ्य. साफ केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या वेगळ्या वागतात. ह्या काडतुसाच्या गोळीला मेणासारखं वंगण लावलेलं असतं, ते नळीभर सारखं पसरेपर्यंत वेग स्थिर होत नाही. म्हणून प्रत्येक हत्यारातून आधी काही गोळ्या नुसत्याच झाडायच्या, त्या हिशेबात धरायच्या नाहीत. काडतुसांच्या पेट्या सावलीत ठेवायच्या. उन्हात तापलेली दारू जास्त दाब देते.

सगळ्यांना आधी एकाच पेटीतली साधी, स्टँडर्ड व्हेलॉसिटीची काडतुसं दिली. पेटीवर सेकंदाला १०७० फूट छापलेलं, म्हणजे ३२६ मीटर. स्पोर्ट पिस्तुलानं २८० च्या आसपास दिले. फ्री पिस्तुलानं ३१२. इथपर्यंत मामा जिंकत होते. जुन्या रायफलीनं ३२७. मग मॅच रायफल. पुतण्या पालथा पडला, श्वास सोडला, आणि यंत्रावर आकडा आला ३२३. पुढचा ३२२. मग ३२४. आखूड रायफलीपेक्षा अर्ध्या पटीनं लांब नळी, आणि गोळी किंचित हळू. कोच मात्र अजिबात चकित झाले नाहीत. ‘‘असंच येतंय सगळीकडं,’’ एवढं बोलून चहा घ्यायला गेले.

दुपारी वर्कशॉपला आलो आणि कागदावर सिलिंडरसारखा हिशेब मांडला. माझ्या धंद्यात दाब गुणिले दट्ट्याचं क्षेत्रफळ म्हणजे जोर, आणि जोर गुणिले स्ट्रोक म्हणजे काम. स्ट्रोक म्हणजे दट्ट्या जेवढा सरकतो तेवढं अंतर. बंदुकीत गोळी हाच दट्ट्या आणि नळी हाच स्ट्रोक. .२२ च्या नळीचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरचा जेमतेम पाव हिस्सा. आमचे सिलिंडर दोन-अडीचशे बार दाबाला चालतात, एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा. ह्या चिमुकल्या काडतुसाचा कमाल दाब १६०० बारच्या वर जातो. गुणाकार केला तर अडीच ग्रॅमच्या गोळीच्या बुडावर चारशे किलोचा रेटा! मी दोनदा तपासलं.

आता दुसऱ्या टोकानं. २.६ ग्रॅम गोळी ३२३ मीटरनं बाहेर पडली म्हणजे तिच्यात साधारण १३५ ज्यूल ऊर्जा आहे. हे काम ६९ सेंटिमीटरच्या स्ट्रोकमध्ये झालं, तर सरासरी रेटा निघतो वीस किलो. सुरुवातीला चारशे, सरासरी वीस. म्हणजे दाब पहिल्या काही सेंटिमीटरांत उसळतो आणि मग धाडकन उतरतो. आमच्या सिलिंडरला पंप सतत तेल पुरवत राहतो, म्हणून स्ट्रोक वाढवला की काम वाढतं. इथं पंप नाही. एकदाच दारू जळणार, जेवढा वायू होणार तेवढाच. काडतुसात त्याला अर्धा सीसीसुद्धा जागा नसते. लांब नळीच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर त्याला १७ सीसी भरायचे असतात. पसरून पसरून तो इतका विरळ होतो की एका ठिकाणी त्याचा रेटा आणि नळीच्या आतल्या खाचांत घासत जाणाऱ्या गोळीचं घर्षण सारखं होतं. तिथून पुढची नळी गोळीला ढकलत नाही, तिला धरून ठेवते. .२२ साठी ही जागा सोळा ते एकोणीस इंचांच्या दरम्यान येते असं जाणकार सांगतात, आणि आमची जुनी रायफल नेमकी अठरा इंचांची निघाली.

मग मॅच रायफलीला एवढी लांबी कशाला? वेगासाठी नाहीच. नेम धरायचं मागचं आणि पुढचं साइट एकमेकांपासून जितकं लांब तितकी नेमातली चूक डोळ्याला लवकर कळते, आणि नळी जड असली की हातात कमी हलते. आता तर काही रायफलींना आत आखूड नळी असते आणि पुढं नुसती पोकळ नळकांडी जोडून साइट लांब नेतात. हे मामांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, तंबाखूची पिशवी तेवढी उघडली.

लांबीचा विषय इथं संपला असता. पण पुतण्यानं दोन-तीन वेगळ्या पेट्या आणल्या होत्या, आणि मला विचाराल तर खरी मजा तिथं आली.

एक पेटी हाय व्हेलॉसिटीची होती. छापील वेग सेकंदाला १२३५ फूट, म्हणजे ३७६ मीटर. रायफलीतून ३७० दिले. स्पोर्ट पिस्तुलातून ३०५. म्हणजे नाव हाय व्हेलॉसिटी, पण आखूड नळीत घातलं की रायफलीतल्या साध्या काडतुसापेक्षा हळू. पेटीवर छापलेला आकडा काडतुसाचा एकट्याचा नसतो, कंपनीनं ज्या नळीतून मोजला तिचाही असतो. हा एवढा मुद्दा कळायला मला सगळी सकाळ लागली, पण आता कुणी पेटीवरचा आकडा तोंडावर फेकला की मी आधी नळी विचारतो.

तरी पुतण्याचा कोच ही जोरदार काडतुसं स्पर्धेला चालू देत नाही. कारण कानाला कळतं. साध्या गोळीचा आवाज फट्ट असा येतो आणि मग कागदावर टक्. जोरदार गोळी सुटली की मधे एक करकरीत तडाखा. सकाळच्या वीसेक अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. ३७० ची गोळी तो ओलांडून निघते, पण हवेच्या विरोधानं पन्नास मीटरच्या आतच पुन्हा त्याच्या खाली उतरते, आणि उतरताना डगमगते. ३२५ ची गोळी सुरुवातीपासूनच खाली असते, तिला हा उंबरठा ओलांडावाच लागत नाही. त्या दिवशीच्या कागदांवर ते स्वच्छ दिसलं. जोरदार गोळ्यांची भोकं पसरलेली, साध्यांची एकमेकांत घुसलेली.

मग दोन साध्या पेट्यांची तुलना. सरासरी दोन्हींची जवळपास सारखी, ३२३-३२४. पण स्वस्त पेटीतली एक गोळी ३१७, तर दुसरी ३३० वर. महागड्या मॅच पेटीत सगळ्या पाच-सहा मीटरच्या आत. हे ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेब करा. ५० मीटर जायला गोळीला एक सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो, तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेग दहा मीटरनं कमी झाला तर ती आणखी आठ मिलिमीटर खाली लागते. ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि पुढची वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरवर. म्हणजे पोरानं नेम अगदी बरोबर धरला, श्वास बरोबर सोडला, ट्रिगर बरोबर दाबला, तरी काडतुसानंच त्याचा एक गुण खाल्ला. नळीची २३ सेंटिमीटर जास्त लांबी चार मीटरचा फरक करते, आणि एकाच पेटीतली दोन काडतुसं तेराचा. वाद कशावर घालायचा ते ह्यावरून ठरवा.

असली मोजमापं काही आजची नाहीत. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १७४२ मध्ये टांगलेल्या लाकडी लंबकात गोळी झाडून, तो किती हलला ह्यावरून वेग काढायची रीत मांडली. पुढं तो ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून इकडं आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. आमच्याकडं प्लॅस्टिकच्या छत्र्या होत्या, त्याच्याकडं लाकडाचा ठोकळा. काम तेच.

आता मामांचं. आकडे घेऊन मी जांबोटीच्या रस्त्यानं त्यांच्या गावी गेलो. .२२ चे आकडे त्यांनी बाजूला सारले. ‘‘ही पोरांची खेळणी. लढाईच्या रायफलीचं बोला.’’ ठीक. त्यांच्याच तीन रायफली घेतल्या. एसएलआरची नळी २१ इंचांच्या वर, गोळी सेकंदाला साधारण ८४० मीटर. एकेची ४१५ मिलिमीटर, ७१५ मीटर. इथवर त्यांचं खरं. मग इन्सास : नळी ४६४ मिलिमीटर, एसएलआरपेक्षा सरळसरळ आखूड, आणि गोळी नऊशेच्या आसपास. मामा थांबले. कारण काडतुसात आहे. एकेची गोळी आठ ग्रॅमची आणि पुंगळी ३९ मिलिमीटरची. एसएलआरची गोळी साडेनऊ ग्रॅमची, पण पुंगळी ५१ ची, दारू कितीतरी जास्त. इन्सासची गोळी फक्त चार ग्रॅम. हलकी गोळी, भरपूर दारू, म्हणून वेग जास्त. पण जोर म्हणाल, म्हणजे ऊर्जा, तर एसएलआर ३३०० ज्यूलच्या घरात, एके दोन हजार, इन्सास सोळाशे. वेग आणि जोर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतंच. ‘‘एसएलआरचा दणका खांद्याला आज पण आठवतोय,’’ ते म्हणाले.

त्यांच्या बाजूनंही बोलायला पाहिजे. ह्या मोठ्या काडतुसांत दारू इतकी असते की वायूचा रेटा नळीच्या तोंडापर्यंत टिकतो. तिथं प्रत्येक इंच मोलाचा. अमेरिकन एम-१६ रायफलीची नळी २० इंच, एम-४ ची साडेचौदा, काडतूस तेच, आणि वेग सुमारे ५० मीटरनं उतरतो. आखूड नळीतून जळायची राहिलेली दारू आणि तापलेला वायू बाहेर येऊन पेटतो, त्याचा जाळ दिसतो, आवाज कानठळ्या बसवतो. रात्री आखूड रायफलीच्या तोंडाशी दिसणारा भडका मामांनी स्वतः पाहिलाय, फक्त तो वाया गेलेला वेग आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

राहिली बाराबोअर. तिच्यात आजकालची बिनधुराची दारू नळीच्या पहिल्या फूटभरातच काम आटोपते. २८ इंचांची आणि ३० इंचांची नळी ह्यांत छर्ऱ्यांच्या वेगाचा फरक इंचामागं सेकंदाला पाच-दहा फुटांचा. डुकराला तो कळणार नाही. लांबीचा हा अभिमान आला कुठून, तर ठासणीच्या बंदुकीतून. मामांच्या आजोबांकडं तशी होती, माणसाच्या छातीला लागेल एवढी नळी, तोंडातून काळी दारू ओतायची, ठासायची, टोपी लावायची. काळ्या दारूचा दाब कमी, जळून अर्धा ऐवज राखच होतो, तिच्यातून वेग काढायला लांब नळीचाच आधार होता. आजोबांचं बरोबर होतं. दारू बदलली, इंच तसेच मिरवत राहिले.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते यंत्र माझ्या बंदुकीला लावशीला काय?’’ मी नको म्हटलं. छर्रे पसरतात, दारू आणि छर्ऱ्यांच्या मधली गट्टी वेडीवाकडी उडते, मित्राच्या यंत्राचा चुरा होईल. शिवाय रानात वेग मोजायला बार काढणं परवान्यात बसत नाही. त्यांना ते पटलं, किंवा पटल्यासारखं दाखवलं.

पुतण्यानं मात्र त्याच आठवड्यात कोचकरवी मॅच काडतुसांची मागणी नोंदवली, सगळ्या पेट्या एकाच लॉटच्या, नंबर लिहून. त्या लॉटच्या काही पेट्या आधी झाडून बघायच्या, जमल्या तर उरलेल्या स्पर्धेसाठी राखायच्या. पैसे अर्थात माझेच गेले. मॅच रायफलीची नळी बदलायचा विषय त्यानं पुन्हा काढलेला नाही.